पट्टीला बुरशी दिसत नाही: अफ्लाटॉक्सिन तपासणी किट वापरून पाहिल्यावर

खोक्यावर ठळक अक्षरात छापलंय: ‘विषारी बुरशी ओळखा, फक्त दहा मिनिटांत’. दहा मिनिटांचं म्हणाल तर खरं आहे, दळणं-गाळणं त्यात धरलं नाही तर. ‘विषारी बुरशी ओळखा’ हे मात्र साफ खोटं, आणि गंमत म्हणजे मला हे किट आवडतं ते त्याचमुळे. ही पट्टी बुरशी ओळखतच नाही. बुरशी जिवंत असो, मेलेली असो, दाण्यावर हिरवीगार बसलेली असो की चाळून-पाखडून केव्हाच निघून गेलेली असो, पट्टीला त्याचं सोयरसुतक नाही. ती शोधते बुरशीने केलेलं विष, ३१२ डाल्टन वजनाचा एक रेणू, अफ्लाटॉक्सिन बी-१, आणि जमेल तितकी त्याची भावंडं. त्यापलीकडे काही विचारायला गेलात तर ती गप्प बसते. तपासणीच्या साधनाने असंच असावं.

मी ॲस्परजिलस फ्लेव्हस या बुरशीच्या जनुकांवर काम करते. मका, शेंगदाणा, सरकी यांवर शेतातच चढणारी आणि साठवणीत हातपाय पसरणारी ती पिवळट-हिरवी बुरशी. किट बनवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर माझ्यासारखं गिऱ्हाईक नसतं. त्यांचा माल धान्य घेणाऱ्यांसाठी, तेलगिरण्यांसाठी, पशुखाद्याच्या कारखान्यांसाठी. आमच्याकडे दोन्ही कामं चालतात: बाहेरून आलेले धान्याचे नमुने तपासायचे, आणि आमच्या बशांमध्ये वाढणाऱ्या बुरश्यांपैकी कोण विष करते, कोण करत नाही ते बघायचं. किट बनलंय पहिल्या कामासाठी. आम्ही ते दुसऱ्यालाही जुंपलं, म्हणून हे लिहायला घेतलं. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही. या जातीची किटं बऱ्याच कंपन्या बनवतात आणि ढाचा सगळ्यांचा जवळपास सारखाच असतो.

खोक्यात पंचवीस पट्ट्या, प्रत्येक वेगळ्या चंदेरी पाकिटात, सोबत ओलावा शोषणारी पुडी. तितक्याच छोट्या कुप्या. कुपीच्या तळाशी लालसर डाग दिसतो; तो म्हणजे सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांना चिकटवून वाळवलेली प्रतिपिंडं, ठरावीक रेणूला पकडणारी प्रथिनं. पातळ करायचं द्रावण, ड्रॉपर आणि घड्या घालून घालून कोंबलेलं माहितीपत्रक. मिथेनॉल आपलं आपण आणायचं. दळलेला नमुना ७० टक्के मिथेनॉलमध्ये हलवायचा, गाळायचा, गाळलेलं पातळ करून कुपीत सोडायचं, डाग विरघळला की त्यात पट्टी उभी करायची. पट्ट्या फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवायच्या असतात, पण फ्रिजमधून काढल्या-काढल्या पाकीट फोडू नये. थंड पट्टीवर हवेतला दमटपणा धरतो आणि मग रेघ पुसटच उमटते. बंद पाकीट टेबलावर पडू द्यावं, खोलीइतकं गरम होऊ द्यावं, मग फोडावं. माहितीपत्रकात हे आहे, पण शेवटच्या घडीवर, मुंगीच्या अक्षरात.

नवीन विद्यार्थी पहिल्यांदा पट्टी हातात धरतो तेव्हा एक प्रश्न ठरलेला.

“मॅडम, दोन रेघा आल्या. म्हणजे विष आहे ना?”

“नाही रे. दोन रेघा म्हणजे माल चांगला.”

“मग एक आली तर?”

“वरची रेघ फक्त पट्टी चालली एवढंच सांगते. ती एकटीच आली तर माल नाकारायचा. एकही आली नाही तर पट्टी फेकायची.”

गरोदरपणाच्या चाचणीची सवय असलेल्या डोळ्यांना हे उलटं वाटतं, पण इलाज नाही. अफ्लाटॉक्सिनचा रेणू इतका छोटा की त्याला दोन बाजूंनी दोन प्रतिपिंडं धरू शकत नाहीत. एकानेच सगळी जागा भरते. म्हणून इथे चढाओढीची युक्ती लावतात. पट्टीवरच्या खालच्या, चाचणीच्या रेघेत प्रथिनाला जोडलेलं अफ्लाटॉक्सिन आधीच बसवलेलं असतं. नमुना स्वच्छ असेल तर सोन्याचे कण मिरवणारी प्रतिपिंडं त्या रेघेवर येऊन थांबतात आणि ती लाल होते. नमुन्यात विष असेल तर प्रतिपिंडांचे हात वाटेतच भरलेले. ती रेघेवर न थांबता पुढे निघून जातात. जितकं विष जास्त तितकी रेघ फिकी. याचा एक फायदा असा की प्रचंड विषारी नमुना चुकून ‘स्वच्छ’ दिसायची भीती या पद्धतीत नसते. विष वाढत गेलं तरी रेघ नाहीशीच होते, परत उगवत नाही.

तोटा असा की मर्यादेच्या आसपास डोळे भांडतात. एकच पट्टी एकाला ‘फिकी’ वाटते, दुसऱ्याला ‘आहे की’. ट्यूबलाइटखाली एक मत, खिडकीशी दुसरं. आमच्याकडे आता नियम आहे की पट्टी दोघांनी एकमेकांचं न ऐकता वाचायची आणि मत जुळलं नाही तर नमुना वाईट धरून पुढे मोठ्या यंत्रावर पाठवायचा.

आता ‘बुरशी ओळखा’ हे शब्द मला का टोचतात ते सांगते, कारण किट घ्यावं की नाही याचं उत्तरही तिथेच आहे.

बुरशी असणं आणि विष असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ॲस्परजिलस फ्लेव्हसच्या तिसऱ्या गुणसूत्राच्या टोकाजवळ, डीएनएच्या सुमारे ७० हजार अक्षरांच्या पट्ट्यात, अफ्लाटॉक्सिन बनवायला लागणारी पंचवीसेक जनुकं शेजारी-शेजारी बसलेली आहेत. त्यांच्यातच अफ्लआर नावाचं एक आहे. त्याचं प्रथिन बाकीच्या जनुकांच्या तोंडाशी असलेल्या ठरावीक खुणेवर जाऊन बसतं आणि त्यांना जागं करतं. अफ्लएस हे शेजारचं जनुक त्याला साथ देतं. ही सगळी जनुकं जवळ बाळगून असलेली बुरशी महिनोन्महिने विषाचा थेंबही न करता राहू शकते. उलट, निसर्गात याच जातीच्या अशा कितीतरी बुरश्या सापडतात की ज्यांच्यात हा पट्टा तुटलेला आहे किंवा अख्खा गायबच आहे. दिसायला त्या सख्ख्या बहिणी. सूक्ष्मदर्शकाखाली घाला, बीजाणू मोजा, रंग बघा, काही कळणार नाही. कापसाच्या आणि शेंगदाण्याच्या शेतात विषारी भावंडांना हुसकवायला म्हणून मुद्दाम सोडतात त्या बुरश्या याच कुळातल्या. अमेरिकेत सोडलेल्या एएफ-३६ मध्ये विषाच्या अगदी पहिल्या पायरीच्या जनुकात एका अक्षराचा बदल आहे, तेवढ्याने पुढचं सगळं ठप्प. अफ्ला-गार्ड या नावाने विकल्या जाणाऱ्या बुरशीत तर जनुकांचा तो पट्टाच नाही. अशा शेतातल्या दाण्यांवर फ्लेव्हस भरपूर मिळेल. बुरशी मोजणारं साधन माल नाकारेल, पट्टी स्वीकारेल, आणि बरोबर पट्टी असेल.

त्याच्याही वर आणखी एक मजला आहे, आणि माझं सगळं आयुष्य त्या मजल्यावर जातं. अफ्लआरला जागं कोण करतं? २००४ मध्ये जिन वू बोक आणि नॅन्सी केलर यांनी लेए हे जनुक दाखवून दिलं. ते काढून टाकलं की बुरशी वाढते, पण तिची एक-दोन नव्हे तर बरीच रसायनं एकदम बंद पडतात. २००८ मध्ये कळलं की लेएचं प्रथिन एकटं काम करत नाही. वेल्व्हेट-ए आणि वेल्व्हेट-बी यांच्याबरोबर ते पेशीच्या केंद्रकात बसतं. ॲस्परजिलस निड्युलन्स या फ्लेव्हसच्या चुलत बुरशीत वेल्व्हेट-ए उजेडात बराचसा केंद्रकाबाहेर रेंगाळतं, अंधारात आत शिरतं. तेव्हा उजेड-अंधार, बीजाणू धरायचे की नाही, आणि विष करायचं की नाही, हे सगळे निर्णय एकाच टेबलावर होतात. आमच्या फ्लेव्हसमधून वेल्व्हेट-ए काढलं की विष तर जातंच, शिवाय स्क्लेरोशियाही धरत नाहीत, म्हणजे खराब दिवस काढायला बुरशी जे कडक काळे गोळे करते ते. एक जनुक काढलं आणि दोन गोष्टी गेल्या, ज्यांचा वरवर पाहता एकमेकींशी काही संबंध नाही.

त्याहून जुनं काम १९९७ चं. निड्युलन्समध्ये फॅडए नावाचं एक प्रथिन ‘वाढत राहा’ असा निरोप देत असतं. तो निरोप चालू आहे तोवर बीजाणूही नाहीत आणि विषाच्या घराण्यातलं स्टेरिग्मॅटोसिस्टिनही नाही. निरोप बंद झाला की दोन्ही सुरू. बुरशी पसरण्यात मग्न असते तेव्हा तिला विषाची फुरसत नसते. पसरणं थांबवून पुढच्या पिढीच्या तयारीला लागते तेव्हा ते येतं. म्हणून ‘आज पट्टी चांगली आली’ याचा अर्थ फक्त आज चांगली आली इतकाच. ओलसर राहिलेल्या पोत्यातली बुरशी आज नुसती पसरत असेल. त्याच पोत्याची पट्टी काही दिवसांनी पुन्हा लावली आणि रेघ गायब झाली तर किटला दोष देऊ नका. माल नीट सुकवलेला असेल तर ही धास्ती बरीच कमी, कारण पाण्याची उपलब्धता एका पातळीखाली गेली की ही बुरशी विष करत नाही. माहितीपत्रकात याबद्दल एक ओळ हवी होती. नाही.

आता आमचा उपद्व्याप. बशीतल्या बुरशीचा तुकडा, ती ज्यावर वाढते त्या खालच्या अगर जेलीसकट, मिथेनॉलमध्ये घुसळून पट्टीवर चढवायचा. कंपनीने याची हमी दिलेली नाही, आणि फोनवर विचारलं तर पलीकडच्या बाईंनी घाईघाईने ‘आम्ही हे सुचवत नाही’ असं सांगितलं. योग्यच. पण निघालेली रेघ पाहण्यासारखी असते. मूळ फ्लेव्हस, अंधारात, ३० अंशांवर वाढवलेला: चाचणीची रेघ पार गायब, आणि द्रावण शंभरपट पातळ केलं तरी गायबच. लेए काढलेला: लख्ख लाल रेघ, जणू बशीत काही नाहीच. वेल्व्हेट-ए काढलेला: तीच गत. अफ्लआर काढलेला तर बशीत सगळ्यांत देखणा, गच्च हिरवा, आणि पट्टीवर पूर्ण निर्दोष. विद्यार्थ्यांना वर्गात तासभर सांगून जे पटत नाही ते या चार पट्ट्या शेजारी-शेजारी ठेवल्या की पटतं.

मला सगळ्यांत आवडते ती पाचवी. नॉर-१ हे जनुक विषाच्या वाटेवर सुरुवातीलाच आहे. ते मोडलं की त्याच्या आधीच्या पायरीचा माल साठत जातो. त्याला नॉर्सोलोरिनिक आम्ल म्हणतात आणि ते केशरी-तांबडं असतं. बशी उलटी करून पाहिली की मधोमध विटेसारखा रंग, कडेकडे जाताना नारिंगी होत गेलेला, तंतूंच्या टोकांना अजून काहीच नाही. कोवळ्या कडेला विष नाही, मागे राहिलेल्या पिकल्या भागात आहे, हे नुसत्या डोळ्यांनी दिसतं. याची पट्टी काय म्हणते? रेघ येते, पण फिकी. कारण हा अडथळा शंभर टक्के नाही. दुसरी एंझाइमं थोडंफार काम उरकून घेतात आणि थोडं अफ्लाटॉक्सिन गळून पुढे जातंच. तो गळका थेंबही पट्टीने पकडला. इथे मी मनातल्या मनात किटला एक गुण वाढवून दिला.

जिथे पट्टीचा उपयोग नाही तेही लिहिते. आमच्या शेजारच्या टेबलावर निड्युलन्सवाले बसतात. त्यांची बुरशी स्टेरिग्मॅटोसिस्टिनवर थांबते, अफ्लाटॉक्सिनपर्यंत जातच नाही. रचनेने दोन्ही जवळचे, तरी आमच्या किटची प्रतिपिंडं त्याला हिंग लावून विचारत नाहीत. तुमचं काम त्या विषाचं असेल तर हे खोकं घेऊ नका. आणि बुरशीत विष किती याचा आकडा हवा असेल, म्हणजे एका जनुकामुळे ते निम्मं झालं की चौथाई, तर पट्टीवर विसंबू नका. बशीतली अगर जेली, पेप्टोनसारखा बुरशीचा खुराक, रंगद्रव्यं यांमुळे रेघेची छटा बदलते. तिथे रेणू वेगळे करून मोजणारी द्रवक्रोमॅटोग्राफीच लागते. पट्टी ‘आहे-नाही’ सांगते, आणि तेवढं चोख सांगते.

तिच्या चोखपणाचा आम्हाला एकदा मोठा उपयोग झाला. एक जुनी फ्लेव्हस, वर्षानुवर्षं तंतूंचा तुकडा उचलून नव्या बशीत लावत आलेली, हळूहळू पांढरी आणि कापसासारखी होत गेली होती. हिरवे बीजाणू नावापुरते. पट्टी लावली तर पूर्ण लाल रेघ. फ्लेव्हसच्या सख्ख्या चुलत जातीत, ॲस्परजिलस पॅरासिटिकसमध्ये, हे प्रयोगाने करून दाखवलेलं आहे. तंतू वाटून-वाटून पुन्हा पुन्हा लावत राहिलं की काही बुरश्या बीजाणू आणि विष दोन्ही एकत्रच गमावतात, अफ्लआर जागच्या जागी असूनही. आमच्याकडे त्या दिवसापासून जातीचा मूळ साठा गोठवलेल्या बीजाणूंचा ठेवतो आणि दर वेळी तिथूनच सुरू करतो. पट्टीचा खर्च त्यापुढे काहीच नाही.

फुकटात हेच काम होत असताना पट्टी कशाला, असं कुणी म्हणेल. दोन फुकटे उपाय मीही वापरते. पहिला, अमोनियाचा. बशी उलटी करून झाकणात अमोनियाचे दोन थेंब टाकायचे. विष करणाऱ्या बुरशीची पाठ गुलाबी ते जांभळट-लाल होते, न करणारीची फिकी राहते. बशीतल्या बुरशीसाठी हा उपाय झकास आहे आणि आधी चाळणी म्हणून तोच लावावा, खिडकी उघडी ठेवून. धान्याला मात्र तो लागू नाही. दुसरा, काळ्या दिव्याचा. मक्याचे भरडलेले दाणे अतिनील प्रकाशात धरले की काही तुकडे हिरवट-पिवळे चमकतात आणि लोक म्हणतात, हे बघा अफ्लाटॉक्सिन. ते अफ्लाटॉक्सिन नसतं. बुरशीचं कोजिक आम्ल आणि जिवंत दाण्यातलं पेरॉक्सिडेज यांच्या मेळातून ती चमक येते. विष न करणाऱ्या बुरश्यासुद्धा कोजिक आम्ल करतात, तेव्हा दिवा निर्दोष मालावर बोट ठेवणार. आणि दाणा साठवणीत मेला असेल तर चमकच येणार नाही, विष असलं तरी. दिवा संशय घ्यायला ठीक आहे, निवाडा द्यायला नाही. दिव्यावर माल नाकारणाऱ्यांनी हे खोकं डोळे झाकून घ्यावं.

किटची खरी लंगडी बाजू पट्टीच्या आधी आहे, आणि तिथे कंपनी खांदे उडवते. माहितीपत्रक म्हणतं, ‘प्रातिनिधिक नमुना घ्या’. तीन शब्द! हिशेब करून बघा. शेंगदाण्याच्या एकेका दाण्यात दहा लाख पीपीबीहून (पीपीबी म्हणजे अब्जात एक भाग) जास्त अफ्लाटॉक्सिन मोजलं गेलेलं आहे. अर्ध्या ग्रॅमचा असा एक दाणा पाच किलो स्वच्छ दाण्यांत पडला तर सगळ्यांची सरासरी शंभर पीपीबी होते. तो दाणा तुमच्या वाट्यात आला तर माल भयंकर, नाही आला तर माल शुद्ध. विष पिठासारखं सारखं पसरलेलं नसतं. मोजक्या दाण्यांत बुरशीने ठाण मांडलं, आणि त्यातल्याही काहींत जनुकांचा तो सगळा निर्णय ‘करा’ असा लागला, एवढ्यावरच सगळं असतं. म्हणून पोत्याच्या तोंडातली एक मूठ घेऊन सोन्याच्या कणांच्या पट्टीवर तपासणं म्हणजे पट्टी वाया घालवणं. वाहत्या मालातून थोडं-थोडं घ्या, अनेक ठिकाणांहून घ्या, काही किलो जमवा, सगळं दळा, नीट मिसळा आणि मग त्यातून कामापुरतं उचला. दळणही जाडंभरडं नको. तीन-चतुर्थांश पीठ २० मेशच्या (इंचात वीस भोकं) चाळणीतून जायला हवं. मी तर म्हणेन, किटच्या पैशांइतकेच पैसे चांगल्या दळण्याच्या यंत्रावर घाला. त्याच्या भांड्यात मागच्या नमुन्याचं पीठ राहिलं तर पुढचा निकाल बिघडतो, म्हणून ते दर वेळी पुसून काढा. हातमोजे घाला, अफ्लाटॉक्सिन बी-१ हा माणसात कर्करोग करणारा पदार्थ म्हणून सिद्ध झालेला आहे. सांडलं-लवंडलं तर ब्लीचचं पाणी घालून ठेवावं, त्याने हा रेणू मोडतो.

आमच्या किटसोबत एक वाचनयंत्रही आलं: पट्टी खाचेत सरकवली की रेघेची छटा मोजून पीपीबीत आकडा देतं. डोळ्यांची भांडणं मिटतात, इतपत ते बरं आहे. त्रास दिला तो वेगळ्याच गोष्टीने. प्रत्येक खेपेच्या पट्ट्यांची छटा थोडी वेगळी असते, म्हणून खेपेबरोबर एक कार्ड येतं आणि ते यंत्राला दाखवावं लागतं. दुसऱ्या खोक्यात कार्डच नव्हतं. यंत्र जुन्या खेपेच्या हिशेबाने आकडे द्यायला तयार नव्हतं, जे बरोबरच आहे, पण ग्राहकसेवेवाले तीनतीनदा ‘बंद करून चालू करा’ यापुढे जाईनात. शेवटी कार्ड टपालाने आलं तोवर आम्ही डोळ्यांनीच वाचत होतो. यंत्र घेणार असाल तर खोकं हातात पडल्या-पडल्या कार्ड आहे का बघा, पट्ट्या मोजायच्या आधी. आणि यंत्राने १७.३ असा आकडा दाखवला म्हणून त्या दशांशावर जीव टाकू नका. नमुना काढण्यातली चूक त्याच्या कितीतरी पट मोठी असते.

कोणतं खोकं घ्यावं, तर आधी मर्यादा बघा. अमेरिकेत माणसाच्या अन्नासाठी कारवाईची मर्यादा एकूण २० पीपीबी आहे, युरोपीय संघात थेट खायच्या शेंगदाण्यासाठी एकूण ४ आणि एकट्या बी-१ साठी २. वीसवर रेघ बदलणारी पट्टी घेऊन युरोपला माल पाठवणारा पट्टीकडून ‘चांगला’ म्हणवून घेईल आणि बंदरावर अडकेल. ‘एकूण अफ्लाटॉक्सिन’ लिहिलेलं असेल तर जी-१ आणि जी-२ या भावंडांना पट्टी किती जुमानते तेही विचारा. प्रतिपिंडं साधारण बी-१ वर पोसलेली असतात आणि बाकीच्यांना कमी ओळखतात. फ्लेव्हसच्या बाबतीत हे फारसं नडत नाही, कारण ती मुख्यतः बी जातीचीच विषं करते. पॅरासिटिकस जी पण करते, आणि शेंगदाण्यात ती बरीच सापडते. दूध तपासायचं असेल तर एम-१ ची पट्टी वेगळी येते, कारण गाईने खाल्लेलं बी-१ दुधात एम-१ होऊन उतरतं आणि तिथल्या मर्यादा पीपीबीच्याही खालच्या आहेत, युरोपात ०.०५.

गहू आणि मक्यावरच्या फ्युजेरियम बुरशीच्या विषांसाठी याच कंपनीची दुसरी खोकी आहेत, डॉनची (डीऑक्सिनिव्हॅलेनॉल) आणि फ्युमोनिसिनची. ती मी थोडीच वापरली आहेत. डॉनबाबत एक सांगण्यासारखं: तिथे विष हे बुरशीचं हत्यारच आहे. विषाचं पहिलं जनुक, ट्राय-५, मोडलं की गव्हाच्या लोंबीत शिरलेली बुरशी एका दाण्यातून दुसऱ्यात नीट पसरू शकत नाही. त्यामुळे लोंबी पांढरी पडत गेलेली दिसली की डॉन असण्याची शक्यता फ्लेव्हसच्या हिरव्या बुरशीपेक्षा जास्त पक्की. पण गहू डॉनचा एक भाग साखर जोडून झाकून टाकतो, आणि ते झाकलेलं रूप सगळ्याच पट्ट्यांना सारखं दिसत नाही. ते खोकं मागवताना तुमची पट्टी डॉन-३-ग्लुकोसाइड धरते की नाही हे लेखी विचारून घ्या. आम्हाला उत्तर यायला बराच वेळ लागला, पण आलं, आणि ‘अंशतः’ असं प्रामाणिकपणे आलं.